शिंगं वाजवण्याआधी वारा बघा

दक्षिण टेक्सासच्या काटेरी रानात डिसेंबरच्या मध्याला पांढऱ्या शेपटीच्या हरणांचे नर ऐन माजावर असतात. गळून पडलेली शिंगं एकमेकांवर आपटायची, दोन नर झुंजताहेत असं भासवायचं आणि तिसऱ्याला बोलवायचं, ही इथली जुनी रीत. तिला 'रॅटलिंग' म्हणतात. भारतात १९७२चा वन्यजीव कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती यांनंतर शिकार बंद. इथे ती परवाना, हंगाम आणि टॅग (मारलेल्या जनावराला लावायची चिठ्ठी) यांच्या चौकटीत चालते. नोकरीनिमित्त ह्यूस्टनला आलो, इथल्या जाणत्यांच्या मागे रान तुडवलं, त्यातून शिकलो ते असं:

१. आधी वारा. आवाजाने नर येतो, पण खात्री नाकाने करतो. सरळ चालत क्वचितच येतो. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो आणि हुंगतो. म्हणून त्या बाजूला मोकळी पट्टी दिसेल अशीच जागा धरावी. दोघे असाल तर एकाने शिंगं वाजवावीत, बंदूकवाल्याने वाऱ्याच्या खालच्या अंगाला पुढे बसावं.

२. माद्या फार असतील तिथे दम वाया घालवू नका. नराला झुंजावंच लागत नसेल, तर तो दुसऱ्याची झुंज बघायला कशाला येईल?

३. शिंगं ताजी घ्या. तपकिरी, जड शिंगं खणखणीत वाजतात. उन्हात पांढरी पडलेली बद्द बोलतात. कपाळालगतचं टोक करवतीने उडवा आणि बाकीची टोकं घासून बोथट करा, नाहीतर पहिल्याच आपटीला अंगठा फुटतो.

४. लाजू नका, जोरात वाजवा. सिंटनजवळच्या वेल्डर अभयारण्यात १९९०च्या दशकात याचा अभ्यास झाला. हळू आवाजापेक्षा मोठ्या आवाजाला जवळजवळ तिप्पट नर आले. किती वेळ वाजवलं, याने फारसा फरक पडला नाही. तेव्हा मिनिटभर वाजवा, पण जीव ओतून.

५. नुसती शिंगं पुरत नाहीत. झुंजीत खूर जमीन उकरतात, फांद्या मोडतात. शिंगांची बुडं जमिनीवर आपटा, मेस्किटच्या खोडावर घासा, वाळकी काटकी मोडा. हे मेस्किट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड, त्यामुळे हातमोजे हवेतच.

६. मग गप्प बसा. तरणा नर मिनिटभरात धावत येतो. वयस्कर नर झुडपाआडून, पाय न वाजवता. निदान वीस मिनिटं हलू नका. पाणी प्यायला हात उचलावा आणि तेवढ्यात मागे फुर्र आवाज होऊन पांढरी शेपटी उडताना दिसावी, हे नेहमीचंच. सकाळची वेळ उत्तम. काहीच आलं नाही, तर जागा बदला. तिथेच पुन्हा पुन्हा बडवत बसू नका.

७. नारंगी कपडे घाला. सार्वजनिक जमिनीवर बंदुकीने शिकार करताना टेक्सासात किमान ४०० चौरस इंच झगझगीत नारंगी सक्तीचं आहे, शिवाय डोक्यावर नारंगी टोपी. खासगी जमिनीवर सक्ती नाही, तरीही घाला. शिंगं हातात मिरवत चालू नका, नारंगी पिशवीत टाका. झुंजीचा आवाज चांगला जमला, तर तो ऐकून दुसरा शिकारीही तुमच्याच झुडपाकडे बंदूक घेऊन सरकत असतो.