‘मेगालेइओतेस’ : थोरवीचा एक ग्रीक शब्द



मागच्या गुरुवारी बायबल अभ्यासाच्या वेळी एका भगिनीने विचारले, “फादर, प्रवचनात तुम्ही सांगता की मोठेपणा सोडा. आणि प्रार्थनेत आपण देवाचा मोठेपणा गातो. मग मोठेपणा चांगला की वाईट?” ‘देवाचा चांगला, आपला वाईट’ असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. घरी आल्यावर ते उत्तर आम्हालाच पटेना. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकवणारे आमचे एक प्राध्यापक नेहमी म्हणत, शब्दाचा अर्थ कोशात नंतर बघा, आधी तो कोणाच्या तोंडी आहे ते बघा. त्यांचे ऐकून ग्रीक नवा करार उघडून बसलो. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

ग्रीक भाषेत ‘मेगस’ म्हणजे मोठा. हा शब्द आपल्याला वाटतो तेवढा परका नाही. मेगाफोन, मेगाबाइट, मेगाभरती, दुकानावरचा ‘मेगा सेल’ हे सारे त्याचेच वंशज. आपले संस्कृत ‘महत्’ आणि ग्रीक ‘मेगस’ एकाच प्राचीन मुळातून फुटलेले आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे आपल्या राज्याच्या नावातला ‘महा’ हा मेगसचा चुलतभाऊच म्हणायचा. नव्या करारात ‘मेगस’ दोनशेहून अधिक वेळा येतो : मोठा दगड, मोठा आवाज, मोठा आनंद, मोठी भीती. त्यात विशेष काही नाही.

त्याच्यापासून बनलेले क्रियापद मात्र थांबून पाहण्यासारखे आहे. ‘मेगालुनो’ म्हणजे मोठे करणे. पवित्र मरिया अलीशिबेच्या घरी जे स्तोत्र गाते, त्याचा ग्रीक मजकूर याच क्रियापदाने सुरू होतो. तिचा जीव प्रभूला मोठे करतो. आणि मत्तयाच्या २३ व्या अध्यायात येशू परूश्यांविषयी बोलतो तेव्हा तेच क्रियापद वेगळ्याच कामाला येते. ते लोक आपल्या वस्त्रांचे गोंडे मोठे करतात! एक मुलगी देवाला मोठे करते, आणि धर्म शिकवणारी माणसे गोंडे मोठे करतात. झगा घालणाऱ्या आम्हा मंडळींना हे वाक्य दरवेळी थोडे टोचते, आणि टोचावेच.

आता आपल्या मुख्य शब्दाकडे येऊ. ‘मेगालेइओतेस’ हे मेगसच्याच घराण्यातले नाम. अर्थ थोरवी, माहात्म्य, ऐश्वर्य. हे नाम संपूर्ण नव्या करारात फक्त तीन वेळा येते. मराठी बायबल वाचताना हे सहसा लक्षात येत नाही, कारण अनुवादक संदर्भ पाहून शब्द निवडतो आणि आपल्या भाषेत या अर्थाचे शब्द भरपूर आहेत. त्या प्रत्येकाचा वास निराळा आहे. ‘माहात्म्य’ म्हटले की एखादे तीर्थक्षेत्र आठवते. ‘ऐश्वर्य’ या शब्दात ईश्वर आहे, पण ऐकणाऱ्याला बंगला आणि गाडी दिसते. ‘थोरवी’त आदर आहे. ‘मोठेपणा’ तर दोन्ही बाजूंनी चालतो. एखाद्याचा मोठेपणा आपण मानतो आणि एखादा तो मिरवतो. मराठीत ख्रिस्ताची कथा सांगणाऱ्या सर्वांपुढे ही निवड उभी राहिली असणार : १६१६ साली रायतूरला ‘क्रिस्तपुराण’ छापणारे फादर थॉमस स्टीफन्स, केडगावला स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून खेड्यातल्या बायकांनाही समजेल अशा मराठीत बायबल आणणाऱ्या पंडिता रमाबाई (त्यांचे संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली छापून झाले), आणि अगदी अलीकडे ‘सुबोध बायबल’ देऊन २०२४ साली आपल्यातून गेलेले वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

तर हा शब्द तीन वेळा कोठे येतो?

एकदा तो एका सोनाराच्या तोंडी आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १९. इफिस शहरात अर्तमी देवीचे मंदिर होते. प्राचीन जगाच्या सात आश्चर्यांत त्याची गणना होई. देमेत्रिय नावाचा कारागीर त्या मंदिराच्या चांदीच्या लहान प्रतिकृती घडवून विकत असे आणि त्याच्या जिवावर पुष्कळ कारागिरांची चूल पेटत असे. पौलाच्या प्रचाराने विक्री बसू लागली. तेव्हा देमेत्रियाने साऱ्यांना जमवून भाषण केले. त्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी तो धंद्याविषयी बोलतो, मग मंदिराच्या प्रतिष्ठेविषयी, आणि सर्वांत शेवटी देवीच्या ‘मेगालेइओतेस’विषयी. तिची थोरवी नाहीशी होईल, अशी त्याला काळजी! मग गर्दी नाट्यगृहात घुसली. लूक मिश्किलपणे नोंदवतो की बहुतेकांना आपण कशासाठी जमलो हेच माहीत नव्हते. तरी सुमारे दोन तास ते एकच घोषणा देत राहिले : इफिसकरांची अर्तमी मोठी! तेथेही शब्द ‘मेगस’चाच, स्त्रीलिंगी.

हे वाचून कोणी शेजारच्या देवळाकडे बोट दाखवू नये. शहराचा अधिकारी गर्दी शांत करताना स्पष्ट सांगतो की या माणसांनी ना मंदिर लुटले, ना तुमच्या देवीची निंदा केली. आपल्याला पाहायचे आहे ते त्या थोरवीचे स्वरूप. तिला बाजार लागतो, दगडी खांब लागतात, दोन तासांची घोषणाबाजी लागते. ती घटली की माणसांचे उत्पन्न घटते, म्हणून माणसे तिचे रक्षण करतात. पुढे तिसऱ्या शतकात गॉथ टोळ्यांनी ते मंदिर उद्ध्वस्त केले. आज तुर्कस्तानात सेल्चुक गावाजवळ त्या जागी, सापडलेले तुकडे एकावर एक रचून उभा केलेला एकच खांब दिसतो. पण ख्रिस्ती लोकांनी तरी निराळे काय केले? देणगीदारांच्या नावाची फरशी कोणत्या भिंतीला बसवायची, यावरून चर्चच्या आवारात माणसे एकमेकांशी बोलेनाशी झालेली आम्ही पाहिली आहेत. प्रत्येक जण ‘देवाच्या गौरवासाठी’च भांडत होता.

दुसऱ्यांदा हा शब्द पेत्राच्या दुसऱ्या पत्रात, पहिल्या अध्यायाच्या १६ व्या वचनात येतो. हे पत्र पेत्राने स्वतः लिहिले की त्याच्या नावाने नंतर एखाद्या शिष्याने, यावर अभ्यासकांत वाद आहे. येथे त्यात शिरण्याचे कारण नाही. लेखक सांगतो की आम्ही रचलेल्या कथांच्या मागे लागलो नाही, आम्ही येशूची थोरवी डोळ्यांनी पाहिली आहे. हा उल्लेख डोंगरावरील रूपांतराचा, ज्याचा सण आपण ६ ऑगस्टला साजरा करतो. तेजस्वी वस्त्रे, मोशे आणि एलिया, आकाशातून आलेली वाणी. थोरवी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे येते, ते सगळे येथे आहे.

तिसरे ठिकाण लूकच्या ९ व्या अध्यायात आहे, आणि त्याच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

गंमत अशी की रूपांतराची कथा लूकही याच अध्यायात सांगतो, पण ती सांगताना तो हा शब्द वापरत नाही. तो राखून ठेवतो. दुसऱ्या दिवशी येशू तीन शिष्यांसह डोंगर उतरतो. पायथ्याशी गर्दी आहे. एक बाप ओरडून विनवतो, माझ्या मुलाकडे बघा, हा माझा एकुलता एक आहे. ‘एकुलता एक’ हे या प्रसंगात फक्त लूक लिहितो. नाईनच्या विधवेचा मुलगा आणि याईराची मुलगी यांच्याविषयीही त्यानेच ते लिहिले आहे. मुलगा किंचाळतो, त्याचे अंग पिळवटते, तोंडाला फेस येतो. उरलेल्या नऊ शिष्यांना काही जमलेले नाही. येशू मुलाला बरे करतो आणि, पुन्हा फक्त लूकच्या शब्दांत, त्याला त्याच्या बापाच्या हवाली करतो. मग वाक्य येते की देवाची ‘मेगालेइओतेस’ पाहून सारे थक्क झाले. मत्तय आणि मार्क हीच कथा सांगतात, पण हे वाक्य त्यांच्याकडे नाही.

डोंगरावर तेज होते, तेथे लूक हा शब्द लिहीत नाही. खाली धुळीत, फेसाने माखलेले लेकरू बापाच्या हाती परत जाते, तेथे लिहितो.

येथे एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल. ही लक्षणे मिरगीची आहेत हे आपल्यापैकी अनेकांच्या ध्यानात आले असेल. आपल्या भागात अजूनही मिरगी आली की बाहेरचे काही लागले म्हणून माणसे मांत्रिकाकडे धावतात, नाकाला कांदा किंवा चप्पल लावतात. कृपा करून तसे करू नका. रोग्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, झटका पाच मिनिटांत थांबला नाही तर दवाखान्यात न्या. बहुतेकांची मिरगी नियमित गोळ्यांनी आटोक्यात राहते. प्रार्थना जरूर करा, आणि गोळ्याही चालू ठेवा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

लूकची गोष्ट अजून संपलेली नाही. लोक आश्चर्यात असतानाच येशू शिष्यांना सांगतो की मनुष्याच्या पुत्राला माणसांच्या हाती दिले जाणार आहे. नुकतेच एक लेकरू बापाच्या हाती दिले गेले. आता दिला जाणारा तो स्वतः आहे. शिष्यांना ते कळत नाही, आणि विचारायची भीती वाटते. लगेच त्यांच्यात वाद लागतो : आपल्यात मोठा कोण? ‘मेइझोन’, म्हणजे ‘मेगस’चेच तुलनेचे रूप. आमचा तर्क असा, की तिघे डोंगरावर जाऊन आलेले आणि नऊ जण खाली फजीत झालेले, तेव्हा ही चर्चा होणारच. येशू एक मूल घेतो. मार्कच्या शुभवर्तमानात तो त्याला सर्वांच्या मध्ये उभे करतो. लूकमध्ये तो त्याला आपल्या बाजूला उभे करतो, मानाच्या पाहुण्याला जवळ घ्यावे तसे. आणि म्हणतो की तुम्हा सर्वांत जो लहान, तो ‘मेगस’.

म्हणजे त्या भगिनीला आम्ही दिलेले उत्तर चुकीचे होते. येशू मोठेपणा माणसाकडून काढून घेत नाही. तो लहानाला देतो.

हे लिहिताना एक प्रसंग टाळावासा वाटत होता, पण लिहितो. काही वर्षांपूर्वी, आम्ही दुसऱ्या ठिकाणी सेवेत असताना, चर्चच्या सणाच्या सकाळी एक बाप आठ-नऊ वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन आला. रात्रीपासून मुलाला झटके येत होते. आम्ही फाटकापाशी हार घेऊन उभे होतो, पाहुण्यांची गाडी यायची होती. “थोडे बसा, मिस्सा झाल्यावर बघू,” असे आम्ही म्हणालो. तो पायरीवर बसला. मिस्सा झाली, भाषणे झाली, शाली दिल्या-घेतल्या, जेवणाच्या पंगती बसल्या. आठवण आली तेव्हा पायरी रिकामी होती. मंडप बांधायला आलेल्या एका पोराने, जो आपल्या चर्चचाही नव्हता, त्यांना मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेले होते. मुलगा वाचला, पुढे गोळ्या घेत शाळेतही जाऊ लागला. बापाने आम्हाला कधी बोल लावला नाही. त्या सणाचा एक फोटो आमच्याकडे आहे. पुढे आम्ही हार घालून हसतो आहोत, आणि मागे डाव्या कोपऱ्यात पायरीवर ते दोघे दिसतात.

येत्या गुरुवारी बायबल अभ्यासाला येताना लूकच्या ९ व्या अध्यायातली २८ ते ४८ ही वचने घरी एका बैठकीत वाचून या. वाचताना मधले मथळे झाकून ठेवा. अध्यायांची विभागणी १३ व्या शतकातली, नव्या कराराच्या वचनांचे क्रमांक १५५१ सालचे, आणि मथळे तर प्रकाशकांचे. लूकने त्यातले काहीच घातले नव्हते. अनेक छापील प्रतींत ४३ वे वचन बरोबर मध्ये तोडून तेथे नवा मथळा दिलेला असतो, त्यामुळे ‘देवाची थोरवी’ एका गोष्टीच्या शेवटी राहते आणि माणसांच्या हाती दिला जाणारा येशू दुसऱ्या गोष्टीच्या आरंभी जातो. आपल्या प्रतीत ते कोठे तोडले आहे, ते पाहून या.