पुसण्याआधी वाचा

जुन्या अमेरिकी मसल कारच्या स्पर्धेत सर्वोच्च मान कोणत्या गाडीला मिळतो, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतील, जी सगळ्यात जास्त चमकते तिला. या नादाला लागलेला जवळजवळ प्रत्येक माणूस सुरुवातीला हेच धरून चालतो. मीही त्याला अपवाद नव्हतो. हा समज महागात पडतो, कारण चमक आणण्यासाठी जे जे करावं लागतं त्यातलं बरंचसं मानाच्या आड येतं आणि नंतर उलटवता येत नाही. कोर्टकचेरीच्या भाषेत कागद दोन तऱ्हेचे असतात, अस्सल आणि नक्कल. नक्कल कितीही सुवाच्य असली तरी वाद उभा राहिला की मागणी होते ती अस्सलाची, मग तो कागद मळका, फाटका का असेना. मसल कारचा जीर्णोद्धार हा याच जातीचा मामला आहे. माझं म्हणणं एवढंच, की ही स्पर्धा रंगकामाच्या खोलीत जिंकली जात नाही. गाडी खोलण्याआधी तिच्यावर काय लिहिलेलं आहे ते ज्यानं वाचून, टिपून ठेवलं त्याची बाजू तिथंच मजबूत होते. ज्यानं आधी पुसलं त्यानं आपला पुरावा स्वतःच्या हातानं नष्ट केलेला असतो.

हे पटायला या गाडीचा जन्म ध्यानात घ्यावा लागतो. १९६४ साली पॉन्टियॅकनं आपल्या मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट लमाँमध्ये मोठ्या गाड्यांचं ३८९ घनइंची व्ही-८ इंजिन बसवून 'जीटीओ' विकायला काढली. या आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन नको, असा जनरल मोटर्सचा तेव्हाचा दंडक होता. म्हणून जीटीओ हे वेगळं मॉडेल न करता जादा पैसे मोजून घ्यायचा पर्याय म्हणून आणलं, आणि दंडकातून वाट निघाली. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. पाठोपाठ शेवरोले, फोर्ड, डॉज, प्लिमथ सगळेच या चढाओढीत उतरले. पुढे विम्याचे चढे हप्ते, धुराचे नियम आणि १९७३ चं तेलसंकट यांनी हा जोर मोडला. पण या सगळ्या काळात ही गाडी तरुण पगारदाराला परवडावी अशीच बनत होती. कारखान्याची साखळी धावती ठेवायची, तर प्रत्येक दारापुढे थांबून फट मोजायला वेळ कुणाकडे होता? रंगावर संत्र्याच्या सालीसारखा दाणा उरायचा, काळ्या रंगाचा फवारा जिथं जायला नको तिथं उडायचा, चिकटपट्टीचा गोंद कडेनं बाहेर यायचा. तेव्हा या गाडीची अस्सलता तिच्या ओबडधोबडपणासकटच येते.

परीक्षकही नेमकं हेच शोधतात. शिकागोजवळच्या रोझमॉन्टला दर नोव्हेंबरात 'मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्स' भरतं. तिथल्या कॉन्कूर विभागात गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी असेल तशी आहे का, हे पाहिलं जातं. नियम अधिक उघड करून सांगायचा तर १९७४ साली स्थापन झालेल्या 'नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी'चा दाखला घ्यावा. कॉर्व्हेटला काही जण मसल कार मानत नाहीत, पण परीक्षणाची ही रीत सगळ्यांनाच लागू पडते. तिथं भागाच्या मूळपणाचे गुण वेगळे आणि त्याच्या स्थितीचे वेगळे. एकूण ९४ टक्के मिळवले की 'टॉप फ्लाइट' हा सर्वांत वरचा दर्जा. आता हिशेब करून पाहा. जनरल मोटर्सच्या त्या काळच्या गाड्यांवर अ‍ॅक्रिलिक लॅकर असायचं. त्याऐवजी आजचा बेसकोट-क्लिअरकोट मारून आरशासारखं बॉनेट केलं, तर स्थितीचे गुण पदरात पडतील, मूळपणाचे जातील. कारखान्यात नुसतं फॉस्फेट करून तेल लावलेल्या बोल्टला क्रोम चढवला, तिथंही तेच. शंभरातले सहाच गुण गमावायची मुभा असताना अशी चमक दहा ठिकाणी आणली, की पैसे दुप्पट आणि मान नाही, अशी गत होते.

मग वाचायचं ते काय? आधी तारखा. शेवरोलेच्या मोठ्या व्ही-८ इंजिनच्या ओतीव ब्लॉकवर 'सी १५ ९' अशी खूण असली, तर सी म्हणजे मार्च, १५ तारीख आणि ९ हा वर्षाचा शेवटचा आकडा. इतर पुराव्यांशी ताडून हे १९६९ साल ठरतं. त्याच इंजिनच्या पुढच्या सपाट पट्टीवर टोनावांडा कारखान्याचा 'टी', जुळणीची तारीख आणि इंजिन कोणत्या जातीचं ते सांगणारी अक्षरं ठोकलेली असतात. ब्लॉक आधी ओतला जातो, मग इंजिन जुळतं, मग ते गाडीत बसतं. हा क्रम कुठं उलटला, म्हणजे गाडीच्या जन्मानंतर ओतलेला ब्लॉक तिच्या पोटात निघाला, तर बाकी सगळं कितीही देखणं असो, ते इंजिन त्या गाडीचं नव्हे. हीच शिस्त काच, आल्टरनेटर, कार्ब्युरेटर, प्लगच्या वायरी यांच्यावरच्या तारखांनाही लागू. इथंच एक कायमची चूक घडते. इंजिन मशीन शॉपमध्ये दिलं, की कारागीर सवयीनं ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग घासून सपाट करतो, आणि आकड्यांची ती पट्टी त्याच पृष्ठभागाचा भाग असल्यानं आकडेही जातात. त्यांच्यासोबत कारखान्यातल्या कापणीच्या बारीक समांतर रेषाही जातात. आकडे पुन्हा ठोकता येतात, पण त्या रेषांविना ते ठोकलेले आकडेच संशयाचं कारण ठरतात. म्हणून मशीन शॉपला सूचना तोंडी न देता लेखी द्यावी आणि त्या पट्टीवर रंगीत टेप लावूनच ब्लॉक हवाली करावा.

दुसरं वाचन धुळीखालचं. फायरवॉलवर, अ‍ॅक्सलवर, बॉडीच्या खालच्या बाजूला तपासनिसांनी खडूनं वा रंगाच्या फटकाऱ्यानं केलेल्या खुणा असतात. सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर बिल्ड शीट, म्हणजे त्या गाडीत काय काय बसवायचं याची कारखान्यातली यादी, अडकून राहिलेली सापडू शकते. पन्नास वर्षांचं ग्रीस आणि चिखल हेच या खुणांचं आवरण असतं. आपल्याकडे देवाच्या मूर्तीवरचं शेंदराचं कवच गळून पडलं, की आतलं मूळ रूप दिसतं; पण तेच कवच छिन्नीनं फोडायला गेलं तर कवचाबरोबर नाकही जातं. सँडब्लास्टिंग ही तशी छिन्नी आहे. साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं, थर कमी होईल तसा प्रत्येक टप्प्यावर फोटो, खुणेशेजारी मोजपट्टी, आणि हे सगळं झाल्यावरच वाळूचा फवारा, हा क्रम सोडू नये.

तिसरं वाचन कागदांचं. वि. का. राजवाड्यांनी बखरींवर विसंबून न राहता गावोगावचे अस्सल कागद हुडकले आणि १८९८ पासून ते छापत गेले. आधीच्या मालकानं ऐकवलेली हकिगत ही गाडीची बखर असते. ऐकावी, पण तिच्यावर पैसे लावू नयेत. पॉन्टियॅकचे मूळ नोंदीचे कागद 'पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस'कडून मिळतात, १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांसाठी 'मार्टी रिपोर्ट' मिळतो. त्यांची गरज का पडते, तर १९६४ आणि १९६५ च्या जीटीओचा ओळखक्रमांक साध्या लमाँपेक्षा वेगळा नव्हता. १९६६ ला स्वतंत्र मॉडेल झाल्यावरच हा फरक क्रमांकात दिसू लागला. साध्या लमाँवर बिल्ले चढवून जीटीओ बनवणं म्हणूनच सोपं. १९६८ पासूनच्या क्रायस्लर गाड्यांत क्रमांकाचं पाचवं अक्षर इंजिन सांगतं, ४२६ हेमीसाठी १९६८-६९ ला 'जे' आणि १९७०-७१ ला 'आर'; तिथं लबाडीला वाव कमी. शेवरोलेचे असे कारखानदारी कागद अमेरिकेत विकलेल्या गाड्यांसाठी सहसा मिळत नाहीत, त्यामुळे तिथं सगळी भिस्त वर सांगितलेल्या तारखांवर. आणि ओळखक्रमांकाची पट्टी जाणूनबुजून बदलणं हा अमेरिकेत संघराज्याच्या कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा 'एवढं जुळवून घेऊ' असं म्हणणाऱ्या माणसाला दारातूनच नमस्कार करावा.

यावर पहिला आक्षेप येतो तो चोख आहे. कारखान्याच्या हलगर्जीपणाची मुद्दाम नक्कल करायची, रंगाचे ओघळसुद्धा पुन्हा काढायचे, हा वेडेपणा नव्हे का? पुराव्याविना केलं तर वेडेपणाच, किंबहुना लबाडी. १९६९ ची कॅमॅरो ओहायोतल्या नॉरवुडलाही बनली आणि कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसलाही, आणि दोन्हीकडच्या पद्धतींत फरक होता. एका कारखान्याच्या गाडीवरची खडूची खूण दुसऱ्या कारखान्याच्या गाडीवर उमटवणं म्हणजे खोटा शिक्का मारणं. पण स्वतःच्याच गाडीवर सापडलेली, फोटोत टिपलेली खूण रंगकामानंतर जागच्या जागी परत काढली, तर हरवू पाहणारी एक नोंद टिकते. ती काढणारा कामगार कोण होता हे कुणालाच सांगता येणार नाही; त्याचं काम मात्र तिथं दिसत राहतं.

दुसरा आक्षेप असा, की आता हुबेहूब नवे भाग मिळत असताना जुन्यासाठी जीव का टाकायचा? हुबेहूब हा शब्द विक्रेत्याचा असतो. नव्या पत्र्याची घडी, बोल्टच्या डोक्यावरचं चिन्ह, रबराचा पोत यांत परीक्षकाला फरक दिसतो. त्या काळचा न वापरलेला भाग मिळाला तरी तो साखळीवर बसवण्यासाठी बनला होता की नंतर दुरुस्तीसाठी, हे पाहावं लागतं, कारण दोन्ही नेहमी सारखे नसतात. वाकलेला मूळ पत्रा सरळ करणारा आणि गरजेपुरतीच लांबी भरणारा कारागीर महाग वाटतो. पण टाकून दिलेला मूळ भाग पुन्हा शोधायला निघालं, की तोच स्वस्त होता हे कळतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त मान्य आहे. गाडी रस्त्यासाठी बनली. त्या काळचे बायस-प्लाय टायर आणि ड्रम ब्रेक घालून तिला मंडपात बसवणं हा तिचा अपमान नाही का? ज्याला रोज चालवायची आहे त्यानं रेडियल टायर आणि डिस्क ब्रेक खुशाल घालावेत आणि कॉन्कूरच्या वाटेला जाऊ नये. मालकांनी तेव्हाच बदल केलेल्या गाड्यांना 'डे टू' म्हणतात, त्यांचंही एक जग आहे. पण मान म्हणजे निर्जीव शोभा हेही खरं नाही. कॉर्व्हेटच्या त्याच सोसायटीचं 'डुन्टोव्ह' पारितोषिक हवं असेल, तर गाडी चालवून दाखवावी लागते आणि हॉर्नपासून हीटरपर्यंत सगळं चालू असावं लागतं. मधला मार्ग सोपा आहे: काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून जपायचा, आणि घातलेला बदल भोक न पाडता काढता येईल असा ठेवायचा.

उरतो चौथा आक्षेप, आणि तो माझ्याच युक्तिवादातून निघतो. अस्सल एवढं मोलाचं असेल, तर जीर्णोद्धार करायचाच कशाला? जिचा रंग आणि आतलं कापड बरंचसं मूळ आहे अशी गाडी हाती आली तर खरोखरच करू नये. 'ब्लूमिंग्टन गोल्ड'सारख्या ठिकाणी अशा जपलेल्या गाड्यांसाठी 'सर्व्हायव्हर' हा वेगळा दर्जा आहे. जीर्णोद्धार गंजून सडलेल्यांसाठी. हा निवाडा पहिला पाना फिरवण्याआधीच झाला पाहिजे, कारण त्यानंतर मागं फिरता येत नाही.

म्हणून नव्यानं या वाटेवर येणाऱ्याला माझा सल्ला असा. पहिलं वर्ष हत्यार न उचलता घालवा. स्पर्धेला प्रेक्षक म्हणून जा, आपल्याच मॉडेलच्या, त्याच कारखान्याच्या, त्याच महिन्याच्या अस्पर्शित गाड्या शोधून त्यांचे फोटो घ्या, गुणपत्रिका कशी भरतात ते परीक्षकांकडून समजून घ्या. खर्च गाडीच्या किमतीच्या वर जाऊ शकतो हे आधीच मान्य करा. गॅरेजशी करार करताना 'विचारल्याशिवाय काहीही फेकायचं नाही' हे कलम सगळ्यात वर घाला. आणि पहिल्या खेपेला गुण कापले गेले तर वाद घालू नका; परीक्षकानं फुकट करून दिलेली ती कामांची यादी आहे.

हा सगळा खटाटोप डेट्रॉइटच्या गाड्यांचा, पण आपल्याकडेही त्याची गरज पडू लागली आहे. २०२१ साली केंद्र सरकारनं पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी क्रमांकात 'व्हीए' असलेली वेगळी नोंदणी आणली. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा, ही त्यातली अट. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली एखादी जुनी फियाट मुंबई-पुण्याच्या कुठल्याशा वाड्यात ताडपत्रीखाली उभी असेल, तिच्यावरही आकडे आहेत, खुणा आहेत. ती उघडणाऱ्या माणसाला आपल्याकडची पहिली सवय म्हणजे रॉकेलमध्ये बुडवलेली चिंधी. ती चिंधी हातात घेण्याआधी टॉर्च, वही आणि पेन्सिल घेऊन एकदा गाडीखाली आडवं व्हावं. मान मिळेल न मिळेल. निदान तिथं काय लिहिलं होतं, हे नंतर सांगता येईल.