शंका-समाधान : पाकिटातली पुडी

प्रश्न : लेकीने पुण्याहून पाठवलेल्या बाकरवडीच्या पाकिटात एक छोटी पुडी निघाली. हल्ली वेष्टणातच एन्झाइम घालतात असं वाचलं होतं. ही तीच का? चिवड्याच्या डब्यात टाकू का?
– एक वाचक, विजयनगर, म्हैसूर

उत्तर : एन्झाइमची नसणार. पुडीवर ‘ऑक्सिजन ॲब्सॉर्बर’ असं छापलं असेल तर आत बहुधा लोखंडाची भुकटी आहे. गंजता गंजता ती पाकिटातला ऑक्सिजन ओढून घेते, आणि तेल खवट करतो तो ऑक्सिजनच. पाकीट फोडलं की उघड्या हवेत तिची ताकद लवकरच संपते. मग डब्यात टाकून काय उपयोग? आत मणी खुळखुळत असतील तर ते सिलिका जेल. ते दमटपणा शोषतं, खवटपणा थांबवत नाही.

एन्झाइमचं काम वेगळं. ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम ग्लुकोज आणि ऑक्सिजनपासून ग्लुकॉनिक आम्ल करतं. सोबत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ते मोडायला कॅटलेज हे दुसरं एन्झाइम जोडीला लागतं आणि हे कॅटलेज शोषलेल्यातला निम्मा ऑक्सिजन परत देऊन टाकतं! शिवाय ओलावा हवाच. कोरड्या चिवड्यात ही जोडी नुसती झोपून राहील.

दुसरी अडचण कारखान्यातली. प्लॅस्टिकचा पापुद्रा दीडशे अंशांच्या वर वितळवून काढतात. एन्झाइम म्हणजे प्रथिन, तेवढ्या उष्णतेत ते निकामी होतं. म्हणून तयार पापुद्र्यावर त्याचा नंतर लेप देतात. खर्च वाढतो, आणि ठेवणीत त्याचा जोर ओसरतो तो निराळाच. अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइमही असं वापरून पाहतात, पण ई. कोलायसारख्या जिवाणूंना बाहेरचं जास्तीचं आवरण असतं, त्यांच्यापुढे त्याचं फारसं चालत नाही. मला आवडलेला प्रयोग ग्रेपफ्रूटच्या रसाचा : वेष्टणातलं नॅरिंजिनेज हे एन्झाइम रसाचा कडूपणा ठेवल्या ठेवल्या कमी करतं.

तुमच्याच शहरात १९५० पासून सीएफटीआरआय ही अन्न-तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे, आणि लष्करासाठी अन्न टिकवण्यावर काम करणारी डीएफआरएल ही प्रयोगशाळाही होती. टिकाऊ चपातीसाठी डीएफआरएलच्या शास्त्रज्ञांनी सॉर्बिक आम्ल आणि उष्णता यांची सांगड घातली, एन्झाइमची नव्हे.

एक मात्र करू नका. ऑक्सिजन शोषणारी नवी पुडी आणून पुरणपोळी किंवा ओल्या नारळाची चटणी हवाबंद करून फ्रिजबाहेर ठेवू नका. ओलं, आंबट नसलेलं अन्न आणि ऑक्सिजन नाही, अशा जागी बॉट्युलिझमचा जिवाणू वाढतो, आणि त्याचं विष वासावरून ओळखू येईलच असं नाही. चिवडा मात्र पूर्ण गार झाल्यावर लहान डब्यांत काठोकाठ भरा आणि एकेक डबा उघडा.