सहकाऱ्यांचा आधार, नोकरीचा ताण आणि कृतज्ञतेची मर्यादा

नोकरीतील ताण केवळ कामाच्या ढिगावर अवलंबून नसतो, हा विचार अमेरिकी अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडला. कामाचा रेटा मोठा असून ते कसे आणि केव्हा करावे हे ठरवण्याची मुभा थोडी असेल, तर ती स्थिती माणसाला सर्वांत अधिक पोखरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९८८ मध्ये जेफ्री जॉन्सन आणि एलन हॉल यांनी स्वीडनमधील नोकरदारांच्या पाहणीच्या आधारे त्यात सामाजिक आधाराची, म्हणजे सहकारी व वरिष्ठ यांच्याकडून मिळणाऱ्या पाठबळाची भर घातली, आणि ताण आहे पण आधार नाही अशा नोकऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळते, हे दाखवून दिले.

अमेरिकेतील मराठी संगणक-अभियंत्याच्या बाबतीत ही मुभा कार्यालयाबाहेरही आक्रसलेली असते. एच-१बी, म्हणजे विशेष कौशल्याच्या नोकरीसाठी मालकाच्या अर्जावरून मिळणारी तात्पुरती परवानगी, सामान्यतः सहा वर्षांपुरती असते. नोकरी सुटली तर दुसरा मालक शोधण्यास अथवा देश सोडण्यास जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आणि ग्रीन कार्डाच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्याच्या वाटपात कोणत्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांचीच मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे दहा झालेले असतात, त्यामुळे मुलांना झोपवून पुन्हा बैठकीला बसणे हा अनेक घरांचा नित्यक्रम होऊन बसतो.

अशा वेळी सहकारी चांगले मिळाले तर दिवस निभावतो, आणि धोकाही नेमका तेथेच असतो. ‘माणसे इतकी चांगली आहेत, मग कुरकुर कशाला करायची?’ हे वाक्य न्यू जर्सीतील एडिसनपासून कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटपर्यंतच्या मराठी घरांत सहज ऐकू येते. त्यात सहकाऱ्याविषयीची कृतज्ञता नकळत कंपनीच्या खात्यावर जमा होते, कामाला नाही म्हणण्याची भीड पडते, आणि झोप, पाठ व संसार यांचे हिशेब पुढे ढकलले जातात. कृतज्ञता आणि मिंधेपणा यांत मानसशास्त्रही फरक करते: पहिलीत समोरच्याकडे ओढा वाटतो, तर दुसऱ्यात परतफेडीची टोचणी असते. या वाटेने गेलेल्यांनी पुढच्यांना आधी सांगायला हवे ते हेच, की आभार माणसाचे मानावेत आणि कामाच्या अटींची चर्चा व्यवस्थापनाशी करावी. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की दोन्ही नासतात.

रोजच्या कृतज्ञतेविषयी पुस्तकी उपदेश पुष्कळ झाला आहे, पण मूळ संशोधन त्याहून संयत आहे. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मकलॉ यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातील एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार मानावेत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. कटकटींची नोंद करणाऱ्या गटापेक्षा त्यांना आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटले आणि त्यांनी व्यायामही अधिक केला. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तर पुढे असे आढळले की आठवड्यातून एकदा केलेली नोंद लाभते, तीनदा केलेली मात्र लाभत नाही. वहीत रोज रतीब घालण्याची सक्ती करून घेऊ नये, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

आभारांत नेमकेपणा असला की ते पोहोचतात. ‘तू खूप मदत करतोस’ यापेक्षा ‘गुरुवारी रात्री सर्व्हर कोसळला तेव्हा माझी पाळी तू घेतलीस, म्हणून मला मुलाच्या तापाकडे पाहता आले’ हे सांगणे, आणि शक्य तर त्याच्या वरिष्ठाला दोन ओळी लिहून कळवणे, अधिक उपयोगी ठरते, कारण अमेरिकी कार्यालयांत वार्षिक मूल्यमापनात अशा ओळींना वजन असते. मराठी घरांत तोंडाने आभार मानण्याची सवय कमी. तेथे शेजारणीचा डबा रिकामा परत करीत नाहीत, त्यात चार करंज्या किंवा निदान मूठभर साखर तरी जाते. पोटलक जेवणाला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या सहभोजनाला, पोह्यांचे पातेले नेणारे हीच रीत पुढे चालवतात, फक्त समोरच्याला ती उमजावी म्हणून सोबत दोन शब्द बोलावे लागतात.

सहकाऱ्याच्या आधाराला मात्र शेवट असतो, कारण तोही त्याच रेट्याखाली दबलेला असतो. झोप उडणे, कामाविषयी तिटकारा वाटणे, चांगल्या माणसांवरही खेकसणे ही लक्षणे दिसू लागली तर कंपनीच्या कर्मचारी साहाय्य योजनेतून, म्हणजे नोकरदारांसाठी असलेल्या गोपनीय समुपदेशनातून, मदत घ्यावी. अनेक मोठ्या कंपन्यांत ती विनामूल्य असते. प्रकृती गंभीर बिघडल्यास १९९३ च्या कुटुंब व वैद्यकीय रजा कायद्यानुसार पात्र कर्मचाऱ्याला वर्षात १२ आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळते आणि त्या काळात नोकरी राखली जाते. त्यासाठी सामान्यतः मालकाकडे किमान ५० कर्मचारी असावे लागतात आणि अर्जदाराने तेथे वर्षभर व आदल्या १२ महिन्यांत १,२५० तास काम केलेले असावे लागते. या अटी पूर्ण करणाऱ्या एच-१बीधारकालाही ही रजा मागता येते.