एका पित्याची खंत

उंच इमारतींवर उभी केलेली लोखंडी सळई तुम्ही पाहिली असेल. आकाशातील विजेपासून घराचे रक्षण करणारी ही युक्ती बेंजामिन फ्रँकलिन या अमेरिकन पुरुषाने शोधून काढली. तो मुद्रक होता, लेखक होता, शास्त्रज्ञ होता; अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरही त्याची सही आहे. अशा चतुर आणि व्यवहारदक्ष माणसाच्या अंतःकरणातही एक शल्य जन्मभर सलत होते. ते त्याने लपवून ठेवले नाही. इतर आईबापांनी त्यापासून बोध घ्यावा, म्हणून त्याने ते आपल्या आत्मचरित्रात स्वतः लिहून ठेवले. त्या शल्याचीच ही हकिकत आहे.

त्या काळी देवीच्या रोगाची मोठी दहशत होती. त्यावर एकच उपाय लोकांना गवसला होता. देवी आलेल्या रोग्याच्या फोडातील लस घ्यायची आणि ती निरोगी माणसाच्या हाताला टोचायची. अशा माणसाला देवी येत, पण त्या बहुधा सौम्य असत; आणि एकदा येऊन गेल्या, की सहसा पुन्हा येत नसत. मात्र हा उपाय निर्धोक नव्हता. इ. स. १७२१ मध्ये बॉस्टन शहरात देवीची भयंकर साथ आली. तेव्हा डॉ. बॉइल्स्टन याने प्रथम आपल्या सहा वर्षांच्या मुलाला टोचले, आणि मग सुमारे अडीचशे लोकांना. त्यांतील सहा जण दगावले. म्हणजे सुमारे चाळिसांत एक. उलट, साथीत ज्यांना आपोआप देवी आल्या, त्यांच्यापैकी सुमारे सातांत एक मरण पावला.

हिशेब तर स्पष्ट होता; परंतु आईबापांचे मन केवळ हिशेबाने चालत नाही. साथीत मूल गेले, तर ते दैवाने नेले असे म्हणून मनाची समजूत घालता येते. पण आपण होऊन टोचविले आणि मूल गेले, तर आपणच त्याचा घात केला असे वाटते. ही भीती मूर्खपणाची म्हणता येणार नाही. ती मायेतूनच उपजते.

बॉस्टनमध्ये ही साथ आली, तेव्हा फ्रँकलिन पंधरा वर्षांचा होता व आपल्या वडील भावाच्या छापखान्यात उमेदवारी करीत होता. भावाचे वृत्तपत्र या उपायावर कडाडून टीका करी. पुढे फ्रँकलिन फिलाडेल्फिया शहरी स्थायिक झाला. विचारांती त्याला हा उपाय हितकर वाटू लागला, आणि आपल्या वृत्तपत्रात त्याने त्याला अनुकूल असा मजकूर छापला.

इ. स. १७३२ मध्ये त्याला फ्रान्सिस नावाचा पुत्र झाला. हा मुलगा चार वर्षांचा असताना फिलाडेल्फियात देवीची साथ आली. त्याला टोचून घ्यावे, असे फ्रँकलिनच्या मनात होते. परंतु मुलगा अतिसाराने अशक्त झाला होता. त्याला जरा शक्ती येऊ दे, मग टोचू, असा पित्याने विचार केला. टोचल्याने खरोखरीच देवी येत असल्यामुळे हा विचार त्या काळी अगदीच गैर नव्हता. पण साथ कोणासाठी थांबत नाही. २१ नोव्हेंबर १७३६ रोजी फ्रान्सिस देवीने मरण पावला.

गावात कुजबुज सुरू झाली, की मुलगा टोचण्यानेच गेला. हे ऐकून दुसरे आईबाप माघार घेतील, हे फ्रँकलिनने ओळखले. पुत्रशोक ताजा असतानाच त्याने आपल्या वृत्तपत्रात निवेदन छापले. मुलाला टोचलेले नव्हते, त्याला रोग आपोआप जडला, आणि हा उपाय आपल्याला अजूनही हितकर वाटतो, असे त्याने त्यात स्पष्ट सांगितले. पुढे छत्तीस वर्षांनी बहिणीला लिहिलेल्या पत्रातही, त्या बाळाची आठवण होताच आपल्याला उसासा आल्यावाचून राहत नाही, असे त्याने कळविले.

आत्मचरित्रात त्याने याचे सार सांगितले आहे. टोचून मूल दगावले तर जन्मभर पश्चात्ताप होईल, म्हणून आईबाप मागे सरतात. पण न टोचताही मूल दगावले, तर पश्चात्ताप तेवढाच होतो. मग ज्यात धोका कमी, तोच मार्ग का पत्करू नये?

यानंतर काळ पालटला. इ. स. १७९६ मध्ये इंग्लंडात एडवर्ड जेन्नर याने माणसाच्या देवीऐवजी गाईच्या देवीची लस टोचून पाहिली. हा उपाय पहिल्याहून पुष्कळच सुरक्षित ठरला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ही लस टोचण्यात आली. भारतातील ती पहिलीच. तुमच्या आजी-आजोबांच्या दंडावर देवी काढल्याचे वण अजून दिसत असतील. इ. स. १९८० मध्ये देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले.

तथापि गोवर, घटसर्प, डांग्या खोकला हे रोग अद्याप आहेत, आणि ‘आता टोचावे, की थोडे थांबावे?’ हा प्रश्नही घरोघरी आहे. लसीकरणाचे वेळापत्रक काही मनास येईल तसे आखलेले नाही. डांग्या खोकला तान्ह्या मुलाला फार घातक, म्हणून त्याची लस सहाव्या आठवड्यापासूनच देतात. गोवरापासून बाळाला काही महिने आईकडून मिळालेले संरक्षण असते, आणि ते असताना लस नीट लागू पडत नाही. म्हणून आपल्याकडे ती नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. लस टोचल्यावर एखादा दिवस ताप येतो, हात दुखतो. गंभीर त्रास क्वचितच होतो. चाळिसांत एकाच्या जिवाला धोका, अशी आज स्थिती नाही. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलण्याचे कारण नसते. मूल फार आजारी असेल किंवा मागच्या लसीने त्याला मोठा त्रास झाला असेल, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे.

शंका येणे हा दोष नव्हे. ती जाणत्याला न विचारता दिवस ढकलीत राहणे हा दोष आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. फ्रँकलिनने आपली ठेच जगापुढे मांडली, ती मागून येणाऱ्या आईबापांसाठीच.

स्वाध्याय

१. फ्रँकलिनने मुलाला टोचण्याचे लांबणीवर का टाकले?
२. पुत्रशोकात असतानाही त्याने वृत्तपत्रात निवेदन का छापले?
३. गोवराची लस नऊ महिन्यांनंतर का देतात?
४. अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : शल्य सलणे, माघार घेणे, मनाची समजूत घालणे.
५. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणच्या साथींविषयी विचारा आणि दहा ओळी लिहा.