दुसऱ्याच्या चिठ्ठीवर औषध नको

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि गल्लोगल्ली दवाखाने असलेल्या आपल्या नौपाड्यातही अनेक डॉक्टरांनी दवाखाने बंद ठेवले. वस्तीतल्या बीपी-शुगरच्या रुग्णांची मोठी अडचण झाली. गोळ्या संपलेल्या, चिठ्ठी जुनी, लोकल बंद, आणि कळव्याच्या मोठ्या रुग्णालयात जायची भीती. कोणी गोळी अर्धी करून घेतली, कोणी बंदच केली. जुलैमध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक टाळेबंदी आली, तेव्हाही तेच झाले.

खरे तर २५ मार्च २०२० रोजीच केंद्र सरकारची टेलिमेडिसिनची नियमावली निघाली होती. नोंदणीकृत डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला देऊ शकतात आणि सही केलेल्या चिठ्ठीचा फोटो रुग्णाच्या मोबाईलवर पाठवू शकतात. एप्रिलमध्ये सरकारची मोफत ‘ई-संजीवनी’ ओपीडी सुरू झाली. ही सोय साथ ओसरल्यावरही चालू राहिली. पण वस्तीत ही माहिती पोहोचायच्या आधी व्हॉट्सॲपवरचे काढे पोहोचले!

यात केस पेपरला फार किंमत आहे. त्याच आजारासाठी डॉक्टरांनी तुम्हाला सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष तपासले असेल, तर चालू गोळ्या ते फोनवरही पुन्हा लिहून देऊ शकतात. म्हणून केस पेपर आणि गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. नवा त्रास असेल तर बऱ्याच औषधांसाठी व्हिडिओवर बोलावे लागते. मॉर्फीनसारखी औषधे अशी मिळत नाहीत, त्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. फोन लावण्याआधी वय, आधीचे आजार, चालू गोळ्या, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे हे कागदावर लिहून घ्या. बाई गरोदर असेल किंवा बाळाला अंगावर पाजत असेल तर ते आधी सांगा. दहा बाय बाराच्या खोलीत सगळ्यांसमोर बाईला अंगावरून जाण्याचे बोलता येत नाही. तेवढा वेळ घरच्या पुरुषांनी बाहेर थांबावे, यात काही बिघडत नाही.

चिठ्ठी आली की डॉक्टरांचे नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, तारीख, तुमचे नाव-वय आणि सही पाहा. नोंदणी क्रमांक विचारणे हा उद्धटपणा नाही, तो रुग्णाचा हक्क आहे.

आता सर्वांत घातक सवयीबद्दल. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत एकाच्या चिठ्ठीचा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरायचा आणि लोक तीच औषधे आणायचे. त्यात अनेकदा डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड असे. हे औषध खोटे नव्हे. जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखवले की ऑक्सिजन लागणाऱ्या कोरोना रुग्णांचे मृत्यू त्याने कमी होतात. पण ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना फायदा दिसला नाही. उलट स्टेरॉइडने शुगर वाढते आणि प्रतिकारशक्ती दबते. त्याच लाटेत काळ्या बुरशीचा आजार, म्हणजे म्युकरमायकोसिस, पसरला. त्याचे बरेच रुग्ण मधुमेही होते आणि अनेकांनी स्टेरॉइड घेतलेले होते. काहींचा डोळा काढावा लागला, काहींचा जबडा. म्हणजे शेजाऱ्याचा जीव वाचवणारी गोळी तुमचा डोळा घेऊ शकते. औषध तेच, पण रुग्ण वेगळा.

पाकिटावर उभी लाल रेघ दिसली तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून तो डॉक्टर होत नाही.

स्मार्टफोन नसेल तर १०४ वर आरोग्य सल्ला मिळतो. ‘ई-संजीवनी’साठी आलेला ओटीपी स्वतःच टाका, फोनवर मागणाऱ्याला सांगू नका. आणि काही वेळा फोनवर बोलत बसायचेच नसते. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळे पडणे, माणूस गुंगीत जाणे, अशा वेळी थेट १०८ ला फोन करा. ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा आला तर मेंदी किंवा नेलपॉलिश नसलेल्या बोटावर पुन्हा पाहा. तरीही कमीच असेल तर कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर, जे जवळ असेल तिथे लगेच न्या. केस पेपर सोबत घ्या.