गिअरबॉक्सची कैफियत

स्वयंचलित गिअरबॉक्सची जुनी मोटार विकत घेणाऱ्या गृहस्थास गॅरेजांतून दोन परस्परविरुद्ध सल्ले हमखास मिळतात: एक असा की लाखाच्या पुढे धावलेल्या गाडीचे गिअरबॉक्स-ऑइल कदापि बदलू नये, बदलले की गिअरबॉक्स बसलाच म्हणून समजावे, आणि दुसरा असा की यंत्र लावून सारे तेल दाबाने एकदम धुऊन काढावे. पुण्यात मी जी गाडी घेतली, तिच्या सर्व्हिस-पुस्तकात इंजिन-ऑइलच्या नोंदी तारीखवार होत्या, परंतु गिअरबॉक्सच्या रकान्यात अथपासून इतिपर्यंत एक अक्षर नव्हते. त्यामुळे या दोन्ही मतांची छाननी करणे मला प्राप्तच झाले.

हे तेल केवळ वंगण नव्हे. टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनची शक्ती तेच पुढे नेते, क्लच-प्लेटा आवळणारा दाब त्याचाच असतो, उष्णता तेच वाहून नेते, आणि प्लेटांनी किती घट्ट व किती हळुवार धरावे हेही त्यात मिसळलेली घर्षण-नियामक द्रव्ये ठरवितात; ही द्रव्ये उष्णतेने क्षीण होत जातात, आणि घाटवाट व शहरातली खोळंबलेली रहदारी यांत ती अधिकच वेगाने होतात. म्हणूनच गाडीच्या पुस्तिकेत या तेलाला ‘आजीवन’ म्हटलेले असले, तरी त्या शब्दावर माझा इतबार नाही. गिअरबॉक्स घडविणारी झेडएफ ही जर्मन कंपनीच 80,000 ते 1,20,000 किलोमीटर अथवा आठ वर्षे या मुदतीत तेल बदलावे असे सांगते. बहुतेक लोक तेलाची आठवण काढतात ती गाडी घसरू लागल्यावर, म्हणजे प्लेटा आधीच जळून गेल्यावर. मग नवे तेल पडून चार दिवसांत गिअरबॉक्स बसला, तर दोष तेलाच्या माथी येतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते, इतकेच. तथापि या भयात तथ्यांशही आहे: वर्षानुवर्षे साचलेला गाळ दाबाच्या यंत्राने एकदम सुटला, तर तो व्हॉल्व्ह-बॉडीच्या अरुंद वाटांत जाऊन अडकू शकतो. तेव्हा जुन्या गाडीस ते यंत्र लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी गिअरबॉक्सच्या तळाशी असलेल्या चेंबरचा प्लग उघडून जेवढे उतरेल तेवढेच तेल बदलावे. उरलेले टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. समजा, सात लिटरांपैकी तीनच उतरले, तर काही शे किलोमीटरांच्या अंतराने तीनदा बदलल्यावर सुमारे चार-पंचमांश तेल नवे होते, आणि गिअरबॉक्सला त्याचा धक्काही बसत नाही. चेंबर उतरविता येत असेल, तर फिल्टर व गास्केट त्याच वेळी बदलून घ्यावे.

मीही हाच मार्ग पत्करला, परंतु गॅरेजवाल्याने इंजिन बंद असताना, थंड गाडीत, नवे तेल ओतून प्लग आवळला, विचारता म्हणाला, “साहेब, डब्यावर लिहिलंय तेवढं टाकलंय.” पुढे खंबाटकीच्या चढावर इंजिनचा काटा चढत गेला आणि गाडी मात्र जागच्या जागी रेंगाळली. साताऱ्यातील एका वयस्क फोरमनने गाडी लिफ्टवर समतल उचलली, इंजिन चालू ठेवून गिअर एकेक फिरविला, स्कॅनरवर तेलाचे तापमान चाळीस अंशांच्या आसपास आल्यावर पातळीचा प्लग काढला, तर त्यातून एक थेंबही पडेना. बारीक धार लागेपर्यंत तेल भरल्यावर ती तक्रार मिटली. वास्तविक उतरलेले तेल मापाने मोजून तितकेच भरणे हे पहिले पाऊल, आणि नेमून दिलेल्या तापमानाला पातळी पाहणे हे दुसरे. दुसरे गाळले तर पहिल्याला अर्थ उरत नाही. शिवाय, भरण्याचा प्लग सुटतो की नाही याची खातरजमा केल्यावाचून निचऱ्याचा प्लग उघडूच नये, कारण वरचा गंजून बसला असेल, तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन लिफ्टवर लटकावे लागते.

पुढच्या खेपेस तेल बदलताना त्याच फोरमनने चेंबर उतरवून मला त्यातले चुंबक दाखविले. त्यावरचा राखाडी लेप बोटांत चोळला, तर मलमासारखा मऊ लागला. तो झिजेचा साधारण अवशेष. त्यात चकाकणारे तुकडे खुपले असते, अथवा तेल काळे पडून जळका वास मारीत असते, तर तेलाचा खर्च व्यर्थ होता आणि दुरुस्तीचीच तजवीज करणे श्रेयस्कर ठरले असते. गुलाबी, दुधट तेल दिसले, तर रेडिएटरचे पाणी आत शिरले आहे असे समजावे आणि गाडी चालवूच नये.

तेलाच्या जातीबाबत तडजोड नको. एकेकाळी स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल या द्रवात घर्षण-नियामक म्हणून घालीत, आणि अमेरिकेत 1970च्या दशकारंभी त्यावर बंदी आली तेव्हा पर्याय शोधताना अभियंत्यांना बराच त्रास झाला. घर्षणाचा मामला इतका नाजूक आहे. डेक्स्रॉन-6 या मानकाचे तेल मागणाऱ्या गिअरबॉक्सला सीव्हीटी या निराळ्या जातीच्या गिअरबॉक्सचे तेल चालत नाही, सीव्हीटीला डेक्स्रॉन चालत नाही, आणि ‘सर्व गाड्यांस चालणारे’ म्हणून दुकानदार पुढे करतो त्या डब्यावर आपल्या पुस्तिकेतील मानकाचे नाव छापलेले नसेल, तर तो घेऊ नये. बिलावरही नुसते ‘गिअर ऑइल’ असे न लिहिता त्या मानकाचे नाव, लिटर आणि किलोमीटरचा आकडा लिहवून घ्यावा. गाडी पुढे विकताना तो कागद दाखवून दोन पैसे अधिक मागता येतात, आणि आपण विकत घेत असताना असा कागद समोरच्याकडे नसेल, तर तेल व फिल्टरची किंमत सौद्यातून खुशाल वजा करावी.